टिंगू सोफ्यामागे का जातो?

पत्र : तीन आठवड्यांपूर्वी आम्ही कुत्र्याचं पिल्लू आणलं. नाव टिंगू, वय आता अकरा आठवडे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लसीकरण पूर्ण झालेलं नाही म्हणून रस्त्यावर नेत नाही. पण इमारतीच्या मागे भिंतीआड थोडी माती आहे, बाहेरची कुत्री तिथे येत नाहीत. डॉक्टरांना विचारून तिथे नेते. अर्धा अर्धा तास उभी राहते. तो मुंग्या बघतो, पानं चघळतो, शू मात्र करत नाही. वर आणलं की दोन मिनिटांत गालिच्यावर! पहिल्या आठवड्यात नवऱ्यानं दोनदा त्याचं नाक त्यात घासलं, एकदा वर्तमानपत्राची गुंडाळी करून फटका दिला. त्यानंतर गालिच्यावरचं कमी झालं, पण आता तो सोफ्यामागे जाऊन करतो. चूक त्याला कळते, आम्ही दिसलो की कान पाडून कोपऱ्यात बसतो. हाक मारली तर उलटा पळतो. मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याच्या हातावर दातांचे ओरखडे आहेत. नवरा म्हणतो धाक हवाच, नाहीतर डोक्यावर बसेल. सासूबाई म्हणतात पिल्लूच हट्टी आहे, परत देऊन टाका. आणि गालिचा आमच्या लग्नातला आहे हो, त्याचं काय करू?
– एक दमलेली वाचक

उत्तर :

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी थांबले. ‘आता तो सोफ्यामागे जाऊन करतो.’ हट्टी पिल्लू एवढी तसदी घेत नाही. टिंगू तुमच्या घरात एक गोष्ट अगदी पक्की शिकलाय, आणि तीसुद्धा दोन-तीन धड्यांत. फक्त तुम्हाला जे शिकवायचं होतं ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही. तुम्ही सांगत होतात, ‘घरात शू करायची नाही.’ त्याला कळलं, ‘माणसाच्या देखत शू करायची नाही.’

आता त्याच्या जागी उभं राहून बघा. सोफ्यामागे माणूस नसतो, म्हणून ती जागा चांगली. खाली मातीत मात्र दोन हातांवर पट्टा धरून माणूस उभा, आणि तो माणूस त्याच्याकडे टक लावून बघतोय. ज्या जातीच्या प्राण्यानं आपलं नाक घासलं त्याच्यासमोर पुन्हा तेच करायचं? तो दाबून धरतो, वर येतो, तुमची पाठ वळली की मोकळा होतो. अर्धा तास उभं राहून तुम्ही त्याला संधी देताय असं तुम्हाला वाटतं, त्याला तो अर्ध्या तासाचा पहारा वाटतो. हाक मारल्यावर उलटा पळणं हेही त्याच गाठोड्यातलं, पण त्याकडे नंतर येते.

आधी कान पाडून बसण्याबद्दल. ‘त्याला चूक कळते’ असं जवळजवळ प्रत्येक पत्रात असतं. २००९ साली अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेनं हे तपासून पाहिलं होतं. चौदा कुत्री घेतली. मालकानं ‘हा खाऊ खायचा नाही’ असं बजावून खोलीबाहेर जायचं. मागे कधी कुत्र्याला तो खाऊ मिळे, कधी नाही. परत आलेल्या मालकाला मात्र काही वेळा मुद्दाम चुकीचं सांगितलं जाई. निकाल असा की अपराधी चेहरा कुत्र्यानं खाऊ खाल्ला होता की नाही यावर ठरत नव्हता, मालक रागावला की नाही यावर ठरत होता. काहीच न करता ओरडा खाल्लेल्या कुत्र्यांचे चेहरे तर जास्तच पडले होते. टिंगूचे पडलेले कान म्हणजे ‘माझं चुकलं’ अशी कबुली समजू नका. ‘तुम्ही रागावलेले दिसताय, कृपा करून पुढे येऊ नका,’ एवढंच तो म्हणतोय. शू करून दहा मिनिटं झाल्यावर नाक घासलं तर त्याच्या दृष्टीनं दहा मिनिटांपूर्वीचं काही उरलेलंच नसतं. माणूस आला, मान धरली, नाक दाबलं, इतकंच उरतं. कुत्र्याच्या डोक्यात कृती आणि तिचं फळ यांची सांगड बसायला मध्ये सेकंद-दोन सेकंदांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये. हे बक्षिसालाही लागू आहे, आणि तिथेच बहुतेक जण चुकतात.

आता काय करायचं. पुढचे पंधरा दिवस टिंगूला काही शिकवायचं आहे हेच विसरा. पंधरा दिवस त्याला घरात चुकायची संधी मिळू द्यायची नाही, एवढंच काम. घरभर मोकळं फिरणं बंद. तो एकतर तुमच्या डोळ्यांसमोर असेल, नाहीतर क्रेटमध्ये, म्हणजे त्याच्या झोपायच्या जाळीदार पेटीत, नाहीतर खाली मातीत. चौथी जागाच नाही. डोळ्यांसमोर म्हणजे खरोखर डोळ्यांसमोर, ‘इथेच कुठेतरी खेळतोय’ नव्हे. माझी जुनी युक्ती सांगते. हलका, लांबसा पट्टा त्याच्या गळपट्ट्याला लावायचा आणि दुसरं टोक आपल्या कमरेला बांधायचं. तुम्ही स्वयंपाकघरात तर तो स्वयंपाकघरात, तुम्ही लॅपटॉपपुढे तर तो पायाशी. सोफा आज रात्रीच भिंतीला चिकटवून टाका.

क्रेटबद्दल घरात कुणी नाक मुरडेल, ‘पिंजऱ्यात काय कोंडता’ म्हणून. पिल्लं तीनेक आठवड्यांची झाली की झोपायच्या जागेपासून दूर सरकून शू करायला लागतात. आपली झोपायची जागा ओली करायची नाही ही ओढ त्यांच्यात आधीपासून असते, क्रेट तिचाच उपयोग करतो. म्हणून मापाला महत्त्व आहे. उभं राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल, बस्स. मोठा क्रेट घेतलात तर एका कोपऱ्यात झोप आणि दुसऱ्यात शू अशी सोय तो करून घेईल. दार उघडं ठेवून आत जेवण द्या, आत चघळायचं खेळणं द्या, दार मिनिटभर लावा, मग पाच मिनिटं. आणि शिक्षा म्हणून कधीही आत टाकू नका, नाहीतर क्रेटही सोफ्यामागच्या धड्यासारखा उलटा शिकवला जाईल.

खाली कधी न्यायचं? झोपेतून उठल्या उठल्या. जेवल्यावर पाच ते वीस मिनिटांत, कारण पोटात अन्न गेलं की आतडी हलायला लागतात. दंगा करून झाल्यावर. पाहुणे आल्यावर. आणि या सगळ्याच्या मध्ये, तो झोपलेला नसेल तेव्हा, दर पाऊण-एक तासानं. जितके महिने वय त्यात एक मिळवायचा, तितके तास पिल्लू धरून ठेवू शकतं असा ढोबळ हिशोब सांगतात. त्या हिशोबानं टिंगूचे साडेतीन तास होतात, पण तो हिशोब शांत पडून असलेल्या पिल्लाचा. उड्या मारणाऱ्या पिल्लाला तो लागू नाही. एक कागद फ्रिजवर लावा आणि शी-शूच्या वेळा लिहीत जा, घरातल्या चुकांच्याही. चार दिवसांत त्याचं वेळापत्रक तुम्हाला पाठ होईल. जमीन हुंगत गोल फिरणं, खेळता खेळता एकदम थांबून दुसऱ्या खोलीकडे वळणं, या खुणाही ओळखू यायला लागतील. आणि जेवण ठरलेल्या वेळी द्या. दिवसभर भरलेलं भांडं समोर असेल तर शीची वेळही दिवसभर असते. पाणी मात्र तोडू नका.

आता सगळ्यात नाजूक भाग, खाली उभं कसं राहायचं. कडेवर घेऊन जा, जिन्यात खाली ठेवू नका. त्याच जागी सोडा. शू टिपलेला कागद किंवा फडकं आदल्या दिवशी तिथे मातीवर ठेवून द्या, वास त्याला अर्धं काम सांगेल. पट्टा लांब आणि सैल हवा. तुम्ही त्याच्याकडे पाठ करून किंवा आडव्या उभ्या राहा. बघू नका, बोलू नका, ‘कर ना रे’ म्हणून विनवू नका. झाडाकडे बघा. पाच-सात मिनिटांत झालं नाही तर अर्धा तास ताटकळू नका, वर या. पण वर आल्यावर त्याला जमिनीवर सोडायचं नाही! कडेवर किंवा क्रेटमध्ये दहा-पंधरा मिनिटं, की पुन्हा खाली. पहिल्या दिवशी अशा चार फेऱ्या होतील, तुम्ही मला मनात शिव्याही द्याल. पण कधीतरी त्याला तुमच्यासमोर करावीच लागेल, आणि तो क्षण सोन्याचा आहे.

त्या क्षणी घाई करू नका. मध्येच ‘शाब्बास’ ओरडलात तर तो अर्धवट टाकून तुमच्याकडे धावेल आणि उरलेलं घरात होईल. संपू दे. संपल्याबरोबर, तिथल्या तिथे, खिशातला खाऊ तोंडात. उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा, एरवी कधीच न मिळणारा. वर येऊन डब्यातून काढून दिलात तर त्याला वाटेल बक्षीस जिना चढल्याचं आहे. आणि मग लगेच वर आणू नका. शू केली की बाहेरची मजा संपते हा हिशोब पिल्लं पटकन मांडतात आणि मग मुद्दाम लांबवतात. पाच मिनिटं मुंग्या बघू द्या. तीन-चार दिवस नीट गेले की तो करायला बसत असताना हळूच एखादा शब्द म्हणायला लागा, ‘कर शू’ म्हणा किंवा काहीही. पुढे पावसात छत्री धरून उभं राहायची वेळ येईल तेव्हा हा शब्द मोलाचा ठरतो.

घरात झालंच तर? करताना सापडला तर गप्प उचला आणि खाली न्या. इतर पिल्लांच्या बाबतीत मी ‘अरे अरे’ म्हणून थांबवायला सांगते, टिंगूला तेही नको, तो आधीच धास्तावलेला आहे. नंतर सापडलं तर पुसा आणि विषय सोडा. पण पुसणं नीट हवं. आपल्याला वास येईनासा झाला म्हणजे त्याला येत नाही असं नाही. लघवीचे डाग तोडणारे एन्झाइमवाले क्लीनर मिळतात, ते वापरा. अमोनिया असलेलं द्रव्य वापरू नका, लघवीलाही तसाच वास असतो, म्हणजे तुम्हीच तिथे पाटी लावल्यासारखं होईल.

रात्री क्रेट तुमच्या पलंगाशेजारी ठेवा. एकटेपणाचं रडणं निम्मं तिथेच थांबतं, आणि उरलेलं रडणं बहुधा खरंच शूचं असतं. तेव्हा दिवा मंद, बोलणं नाही, खेळ नाही, खाली, वर, झोप. रात्रीतून एकदा उठावं लागेल. आळीपाळीनं उठा. नवऱ्याचीही पाळी लावा, त्याचं आणि टिंगूचं नातं सांधायला रात्री दोन वाजता दिलेला चिकनचा तुकडा फार कामी येतो.

आता हाक. इथे मी माझीच फजिती सांगते. माझ्या पहिल्या कुत्रीला मी रोज संध्याकाळी मोकळ्या जागेत सोडायचे आणि निघताना हाक मारून पट्टा लावायचे. महिन्याभरात ती माझा आवाज ऐकला की दहा पावलं लांब जाऊन बसायला लागली. मी सगळ्यांना सांगत फिरायचे, ‘माझं ऐकतच नाही.’ ती ऐकत होती, अगदी मन लावून. ‘ये’ या शब्दाचा अर्थ ‘खेळ संपला’ हे मीच रोज संध्याकाळी तिला घोटून शिकवलं होतं. तुमच्या घरात टिंगूला हाक कधी मारतात ते दोन दिवस मोजा. चप्पल काढून घ्यायला, अंघोळ घालायला, क्रेटमध्ये ठेवायला, ओरडायला? त्याच्या नावालाच आता कडू चव आली असणार. म्हणून हाकेसाठी नवा शब्द निवडा आणि त्याचं पावित्र्य सांभाळा. तो शब्द उच्चारला की दर वेळी चांगलंच होणार. नको असलेलं काही करायचं असेल तर हाक मारू नका, उठून जा आणि उचलून आणा. सुरुवात दोन पावलांवरून करा. तुम्ही एका टोकाला, मुलगा दुसऱ्या टोकाला, दोघांकडे खाऊ, एकदाच शब्द म्हणायचा, खाली बसायचं, हात पसरायचे. आला की खाऊ द्यायचा आणि सोडून द्यायचं, पुन्हा खेळायला. हे सोडून देणं फार महत्त्वाचं. पळाला तर मागे धावू नका, तुम्ही उलट्या दिशेनं पळा. पाठलाग त्यांना खेळ वाटतो आणि त्यात आपण हरतो.

‘बस’ शिकवणं त्यामानानं सोपं आहे. खाऊ नाकासमोर धरा, तिथून डोक्यावरून मागे न्या. डोकं वर जाईल, ढुंगण आपोआप खाली टेकेल, त्याच क्षणी खाऊ. दहा-बारा वेळा झालं की रिकामा हात, मग शब्द. एका वेळी दोन-तीन मिनिटं पुरेत. खरी अडचण घरातल्या माणसांची असते. तुम्ही ‘बस’ म्हणता, मुलगा ‘सिट’, सासूबाई ‘खाली बस रे’, आणि नवरा तोच ‘खाली’ शब्द सोफ्यावरून उतरवायला वापरतो. बिचाऱ्यानं काय करायचं? फ्रिजवरच्या त्याच कागदावर शब्द लिहून टाका, एका कृतीला एकच, आणि सगळ्यांनी तोच एकदाच म्हणायचा. ‘सिट सिट सिट सिट’ असं शिकलेलं कुत्रं चौथ्या ‘सिट’ला बसतं, कारण त्याच्या मते तो एक लांबलचक शब्द आहे.

मुलाच्या हातांचं. टिंगूच्या तोंडात अठ्ठावीस दुधाचे दात आहेत, सुईसारखे. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडायला लागतील आणि सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस पक्के दात येतील. तोवर काही ना काही चावणारच, ते खेळण्याकडे वळवायचं. हात हलवून खेळवणं मुलानं बंद करायचं, हातात दोरी किंवा कापडी खेळणं धरायचं. दात हाताला लागले की खेळ थांबला, मुलगा उठून उभा, अर्धा मिनिट शांत. ओरडणं, पळणं, हात झटकणं यानं पिल्लाला आणखी चेव येतो. आणि संध्याकाळी तो भूत शिरल्यासारखा घरभर पळून सगळ्यांना चावत असेल तर त्याला व्यायाम नको, झोप हवी. या वयाची पिल्लं दिवसाचे अठरा-वीस तास झोपतात, घरात लहान मूल असेल तर त्यांना तेवढी झोप कुणी घेऊ देत नाही.

नवऱ्यानं म्हटलेला ‘डोक्यावर बसेल’ हा धाक लांडग्यांवरून आलाय. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासकानं कैदेतल्या लांडग्यांवर लिहिलं. तिथे एकत्र कोंडलेले लांडगे वरचढपणासाठी भांडत होते. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकामुळे ‘म्होरक्या लांडगा’ ही कल्पना लोकांपर्यंत पोचली, आणि लोकांनी ती कुत्र्यांनाही लावली. त्याच मेक यांनी पुढे रानातले कळप वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की तो कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं, सत्तेची मारामारी तिथे नाहीच. आणि टिंगू तर लांडगाही नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगते, कारण त्याला मुदत आहे. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगातलं काय काय ‘ठीक आहे’ याची यादी बनवत असतं. टिंगूचे तीनेक आठवडे उरलेत. जमिनीवर न ठेवता, कडेवरून किंवा पिशवीतून त्याला गाड्यांचे आवाज, छत्री, दाढीवाला माणूस, काठी टेकणाऱ्या आजी, रांगणारं बाळ दाखवा. लांबून, खाऊ देत. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या, संसर्गजन्य आजाराची भीती खरी आहे, म्हणून कुठे आणि केव्हा न्यायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, पण लसी पुऱ्या होईपर्यंत घरात बंद ठेवू नका.

डॉक्टरांना दाखवायची गोष्ट आणखी एक. थेंब थेंब वारंवार होत असेल, करताना कण्हत असेल, लघवीत लाल छटा असेल, किंवा सगळं सुरळीत झाल्यावर अचानक बिघडलं, तर ते शिकवण्याचं काम नाही, तपासणीचं आहे. तुम्ही वाकून जवळ गेलात की बसल्या जागी थोडीशी होत असेल तर ती भीतीची किंवा आनंदाची. त्याला रागावलात तर वाढते. आल्या आल्या त्याच्याकडे दुर्लक्ष करा, खाली बसा, त्याला येऊ द्या.

सासूबाईंना सांगा, अकरा आठवड्यांच्या पिल्लाकडून घर कोरडं राहण्याची अपेक्षा कुणीच करत नाही. बहुतेक पिल्लं चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान भरवशाची होतात, काहींना त्याहून जास्त लागतात. पंधरा कोरडे दिवस गेले की एक खोली मोकळी करा, मग दुसरी. मध्येच दोन दिवस बिघडलं तर एक पायरी मागे या.

आणि गालिचा. तो टाकू नका, पण आज पसरलेलाही ठेवू नका. पिल्लाचे तळवे जागा लक्षात ठेवतात. आईजवळ असताना ते बहुधा कापडावर वाढलेलं असतं, त्यामुळे पायाखाली मऊ काही लागलं की त्याला इथेच करायचं असं वाटतं. बाथरूमसमोरचं पायपुसणंही उचला. गालिचा एन्झाइमनं धुवा, पूर्ण वाळवा, गुंडाळून उंचावर ठेवून द्या. टिंगूचे सगळे दात बदलून झाले की काढा. झालरीकडची बाजू सोफ्याखाली जाईल असा पसरा, तोवर त्याला झालर ओढायचा शोध लागलेला असेल.